आहे तसं, आहे तिथं

वेर्ण्याच्या गोदामात त्यानं यादी दाखवली.
मिक्सर अकरा, इस्त्र्या चौदा, हेडफोन एक खोकं,
‘किरकोळ घरगुती’ नऊ नग.
छापील किमतीनं पावणेतीन लाख,
मला बेचाळीस हजारांत.
उघडून बघता येणार नाही, पात्रांव,
प्लास्टिकमधून दिसतं तेवढंच बघा.
बिलाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत:
आहे तसं, आहे तिथं. माल परत घेतला जाणार नाही.

परत आलेलाच माल, आणि परत घेणार नाहीत!
टेम्पो बाणस्तारीचा पूल ओलांडेपर्यंत
मी एकटाच हसत होतो.

डिचोलीत, माझा टिप्पर उभा असायचा
त्या पत्र्याखाली खोकी उतरवली.
खाण बंद झाली, टिप्पर गेला,
जमिनीची लाली काही जात नाही.
सुलक्षानं खिळ्यावरची कात्री काढून दिली,
चतुर्थीचं माटोळीचं सामान सोडावं
तशी आम्ही दोघं मांडी घालून बसलो.

पहिल्या खोक्यात मिक्सर, भांडं नाही.
दुसऱ्यात भांडं, वेगळ्याच कंपनीचं.
तिसऱ्यात वीट.
आपल्याकडचा चिरा नव्हे, भट्टीत भाजलेली वीट,
तेलुगू पेपरात गुंडाळलेली,
एक कोपरा फोडून वजन जुळवलेलं.
कुठल्या गावचा हा माणूस,
किती मन लावून त्यानं हे केलं असेल.
सुलक्षा म्हणाली, हिची छापील किंमत काय रे?

प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी होती, परत करण्याचं कारण.
रंग आवडला नाही.
उशिरा आलं.
चुकून दोनदा मागवलं.
एकावर नुसतं: आता गरज नाही.
तो बाळाच्या बाटल्या उकळायचा डबा होता,
सील न फोडलेला.
सुलक्षानं तो उचलून आत नेला.
कुठं ठेवला, मी विचारलं नाही.

चौदातल्या सहा इस्त्र्या तापल्या.
एकीवर लिहिलं होतं: तापल्यावर वास येतो.
मी हुंगून बघितलं. वास होता, थोडासा,
आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही.
चिठ्ठी नखानं निघाली,
गोंद रॉकेलच्या फडक्यानं.

बुधवारच्या बाजारात ताडपत्री टाकली,
एका बाजूला मिरच्या, दुसऱ्या बाजूला सुकी सुंगटं.
शेवंती माजीकनं तीच उचलली.
साडेचारशे सांगितले, चारशेला दिली,
वर म्हटलं, डोळे मिटून ने, बाय.

पुढच्या बुधवारी ती आली. भांडली नाही.
पिशवीतून निळा शर्ट काढून पसरला,
शाळेचा, पाठीवर इस्त्रीच्याच आकाराचा
तपकिरी डाग, कडेला भोक.
म्हणाली, वास पहिल्याच दिवशी येत होता.
मला वाटलं, नव्या वस्तूला येतोच.

चारशे परत केले. शर्टाचे साडेतीनशे.
तिनं शर्टाचे घेतले नाहीत,
मग मिरचीवालीसमोर घ्यायला लावले.
मला वेर्ण्याला जाऊन हे कुणाला दाखवता येणार?
माझ्यापुढे खिडकीच नाही.
आलेलं सगळं माझ्यापाशी येऊन थांबतं.

हिशेब वहीत आहे.
टेम्पो, बाजारकर, वीज, सोल्डरिंगचा पोरगा,
फुकट गेलेले अठ्ठावीस नग
जे पंचायत कचऱ्यातही घेत नाही.
वीट मात्र दाराला लावलीय.
पावसाळी वाऱ्यात दार आपटत नाही आता.

काल रात्री त्याचा फोन आला.
नवा लॉट, नुसते मोबाईल, यादी चोख,
अठ्ठावीस हजार, उद्या दुपारपर्यंत सांगा.
बघतो, म्हटलं.
आणि सांभाळून विचारलं,
खोक्यांवर चिठ्ठ्या असतात ना?
तो म्हणाला, त्या आम्हीच काढून देऊ, पात्रांव,
तुम्हाला त्रास नको.

सकाळी उठून पत्र्याखाली गेलो.
खिळा होता.
कात्री नव्हती.
सुलक्षा चुलीपाशी पाठमोरी बसून
काहीतरी निवडत होती, हळूहळू,
खडा लागेल म्हणून.